तारेचा मार्ग आणि इंजिनाची धग

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, त्या वेळी जी कामे सायकल, बैलगाडी आणि एसटी यांच्यात वाटलेली होती, त्यांतील बरीचशी आज एकट्या मोटारसायकलीच्या माथी आलेली आहेत. शेतावर न्यायची खताची गोणी, डेअरीला घालायचे दूध, हळदीच्या सौद्याला निघालेला शेतकरी, वसमतच्या दवाखान्यात न्यायचा रुग्ण, नर्सीला नामदेवांच्या दर्शनास निघालेले चार जणांचे कुटुंब, या सर्वांचा भार हे शंभर-सव्वाशे सीसीचे यंत्र निमूटपणे वाहते. (चौघांनी बसण्यास कायद्याची मंजुरी नाही हे मला ठाऊक आहे, आमच्या रस्त्यांना ते अद्याप कळलेले नाही.) ज्या यंत्रावर आपण इतका भरवसा टाकतो, त्याच्या अंगातून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि क्लच-अ‍ॅक्सिलेटरच्या केबल कोणत्या मार्गाने जातात, कोठे तापलेल्या लोखंडाला टेकतात आणि कोठे घासल्या जातात, याची विचारपूस आपण गाडी रस्त्यात बंद पडेपर्यंत करीत नाही, आणि पुष्कळदा बंद पडल्यानंतरही करीत नाही, ही गोष्ट चमत्कारिक म्हटली पाहिजे.

विषय क्षुल्लक वाटेल याची मला कल्पना आहे. सिद्धेश्वर आणि येलदरीच्या पाण्याने, हळदीच्या भावाने किंवा नव्या रस्त्याच्या मंजुरीने वर्तमानपत्राची जागा अडवावी आणि तार धरून ठेवणाऱ्या एका पत्र्याच्या क्लिपेने ती अडवू नये, असा आपल्याकडील संकेत आहे. तथापि भर उन्हात माळरानावर ज्याची गाडी वितळलेल्या वायरिंगमुळे उभी राहिली आहे, त्याला त्या घटकेला हळदीच्या भावापेक्षा ती क्लिपच अधिक महत्त्वाची असते. वायरिंग वितळली की आपण दोष देतो उन्हाळ्याला, कंपनीला, नाहीतर नशिबाला. माझ्या मते त्या दोषाचा मोठा वाटा आपल्या हिशेबाच्या रीतीकडे जातो. कारण त्या रीतीत सुट्या भागाला किंमत आहे, आणि तो भाग काढल्यानंतर सर्व काही पुन्हा आपापल्या जागी बसविण्याच्या श्रमाला नाही.

प्रथम उष्णतेचे मान ध्यानात घ्यावे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा वरचा भाग, ज्याला मिस्त्री हेड म्हणतात तो, चढावर किंवा ओझ्याखाली दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतो. आणि जळालेला वायू ज्या वाटेने बाहेर पडतो त्या सायलेन्सरच्या बेंडचा हेडलगतचा भाग त्याहूनही अधिक, काही शे अंशांपर्यंत तापतो. उलटपक्षी तारेवरचे साधे पीव्हीसीचे वेष्टन सत्तर अंशांच्या सततच्या उष्णतेसाठी, आणि वाहनांकरिता मुद्दाम तयार केलेले असले तरी शंभर-एकशे पाच अंशांच्या आसपासच्या उष्णतेसाठी घडविलेले असते. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते सांभाळणारी वस्तू म्हणजे मधली मोकळी हवा. दुसरे काही नाही. तार बेंडपासून तीन-चार बोटे दूर असेल तर वाहता वारा तिचे रक्षण करतो, आणि ती बेंडला टेकली तर पहिल्याच फेरीत वितळून आपला गुन्हा कबूल करते. परंतु जी तार बेंडला टेकलेली नाही आणि दूरही नाही, अर्ध्या बोटावर लोंबकळत आहे, तिची कथा निराळी असते. तिच्या वेष्टनाला मऊपणा देणारे द्रव्य दिवसामागून दिवस उडून जाते, वेष्टन कडक होते, इंजिनाच्या कंपनाने त्याला केसासारख्या भेगा पडतात, आणि आतले तांबे उघडे पडते ते एखाद्या पावसाळी संध्याकाळी, जेव्हा मूळ दुरुस्ती कोणी आणि कधी केली होती याची कोणालाच आठवण उरलेली नसते.

धावत्या गाडीपेक्षा नुकत्याच थांबलेल्या गाडीत तारांना ताप अधिक होतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. वारंगा फाट्याकडून भर दुपारी, मागे माणूस आणि पुढे टाकीवर गोणी अशा अवस्थेत आलेली गाडी बाजाराच्या आवाराबाहेर उन्हात उभी करून मालक सौद्यात शिरला, की समोरून येऊन इंजिनाची धग वाहून नेणारा वारा एकाएकी बंद होतो, धातूत साठलेली उष्णता वर चढते आणि टाकीखालच्या कोंदट जागेत अडकून बसते. म्हणजे इंजिन थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत, मालक चहा घेत असताना, टाकीखालून गेलेल्या तारांच्या जुडग्याची परीक्षा सुरू होते. मे महिन्यात जेथे सावलीतला पारासुद्धा बेचाळीस-त्रेचाळीस अंश दाखवितो, तेथे ही परीक्षा अधिक कठीण होते, हे उघड आहे. कारखान्यातील अभियंत्याने तारांसाठी ठेवलेली वाट या सर्वांचा विचार करूनच ठेवलेली असते. मात्र ती ठेवताना त्याने जागेच्या बाबतीत फारसे औदार्य दाखविलेले नसते, आणि म्हणून त्या वाटेपासून दोन बोटे ढळणे हे दिसते तितके निरुपद्रवी नाही.

आता या वाटा कोठून जातात ते पाहावे. आपल्याकडील बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत क्लच इंजिनाच्या उजव्या अंगाला असतो आणि सायलेन्सरही त्याच अंगाने मागे जातो. त्यामुळे डाव्या मुठीपासून निघालेली क्लचची केबल हँडलच्या पुढून वळसा घेत उजवीकडे उतरते ती बेंडच्या शेजारीच. मागच्या ब्रेकच्या दिव्याचा स्विच पायाच्या पॅडलजवळ, म्हणजे पुन्हा उजवीकडेच असतो, आणि त्याची बारीक तार सैल झाली तर तिला सायलेन्सरवर विसावण्यास वेळ लागत नाही. डाव्या अंगाला वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या तारा इंजिनाच्या झाकणातून निघून सिलिंडरच्या मागून वर चढतात. पेट्रोलची रबरी नळी याच दाटीतून येते, आणि प्लगची जाड वायर तर प्रत्यक्ष हेडवरच जाऊन बसते. या सगळ्यांना आपापल्या जागी धरून ठेवण्याकरिता चौकटीवर ठिकठिकाणी पत्र्याच्या क्लिपा, रबरी कड्या आणि प्लॅस्टिकचे पट्टे असतात. इंजिन उतरविताना ते प्रथम सुटतात, आणि गाडी जोडताना त्यांतील निम्मे गॅरेजच्या फरशीवर राहतात.

परिणामांचा विचार करता तार आणि केबल यांत भेद केला पाहिजे. मोटारसायकलीत विजेचा परतीचा मार्ग म्हणून गाडीच्या लोखंडी सांगाड्याचाच उपयोग केलेला असतो, म्हणून बॅटरीकडून आलेल्या तारेचे तांबे कोठेही उघडे पडून सांगाड्याला लागले की वीज दिव्याला किंवा हॉर्नला न जाता थेट परत फिरते आणि तार लाल होते. यालाच आमच्याकडे वायरिंग शॉट झाली असे म्हणतात. बारा व्होल्टचा झटका माणसाला जाणवत नाही, म्हणून त्याचा कोणाला धाक नाही; परंतु तारेला तापविण्यास आणि ठिणगी पाडण्यास बारा व्होल्ट पुरेसे आहेत, आणि शेजारून जाणाऱ्या पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही ठिणगीने पेट घेऊ शकते, मग हिंगोलीच्या उन्हाळ्याचे काय सांगावे. केबलचा अपघात यापेक्षा मुका असतो. लंडनच्या अर्नेस्ट बौडन यांनी १८९६ साली ज्या युक्तीचे पेटंट घेतले, ती म्हणजे लवचीक नळीतून सरकणारी पोलादी तार. तिचे सगळे सामर्थ्य नळी आतून गुळगुळीत असण्यात आहे. नळीचे अस्तर उष्णतेने वितळून आतल्या तारेला चिकटले तर क्लच जड होतो, आणि तेच अ‍ॅक्सिलेटरच्या केबलचे झाले तर मूठ सोडल्यावरही इंजिनाचा जोर कमी होत नाही. औंढ्याच्या घाटवळणावर किंवा आठवडी बाजाराच्या गर्दीत असे झाले तर पुढे काय होईल याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. दिवा विझणे, हॉर्न न वाजणे या गैरसोयी आहेत. मूठ न परतणे ही आपत्ती आहे, आणि आश्चर्य असे की लोक दिव्यासाठी मिस्त्रीकडे धाव घेतात आणि जड झालेल्या मुठीची सवय करून घेतात.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेखनप्रपंच केला त्याकडे येतो. तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजसमोर तासभर उभे राहिल्यास हा संवाद ऐकू येईल. गिऱ्हाईक म्हणते, “मिस्त्री, सामान कंपनीचंच टाका, पैशाचं काही नाही, पण मजुरीचं तेवढं बघा.” मिस्त्री म्हणतो, “बघू दादा, आधी काम तर होऊ द्या.” गिऱ्हाइकाच्या या एका वाक्याने त्या गाडीच्या तारांचे भवितव्य ठरून जाते. पिस्टन आणि रिंगा यांची पावती मिळते, त्यांचा डबा हातात घेऊन पाहता येतो, त्यांच्या किमतीबद्दल गिऱ्हाईक वाद घालीत नाही. परंतु इंजिन बसविल्यावर क्लचची केबल तिच्या मूळ कडीतून ओवणे, मॅग्नेटोच्या तारा सिलिंडरपासून दूर घेऊन पट्ट्याने बांधणे, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काही ताणले जात नाही ना हे पाहणे, या कामात कोणताही सुटा भाग लागत नाही, म्हणून त्याची पावती नाही, आणि पावती नाही म्हणून त्याचा मोबदला नाही. मिस्त्रीच्या दाराशी आणखी चार गाड्या उभ्या असतात. जे काम दिसत नाही आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत, ते करण्याची अपेक्षा आपण कोणत्याही दुसऱ्या कारागिराकडून करीत नाही. ती केवळ मिस्त्रीकडूनच का करावी, हे मला समजत नाही. बेफिकीर मिस्त्री असतात, ते मी नाकारीत नाही. पण जो काळजीपूर्वक काम करतो त्याला आपण ‘हळू आहे’ म्हणून सोडतो आणि जो झपाट्याने उरकतो त्याची तारीफ करतो, ही वस्तुस्थितीही दप्तरी नोंदली गेली पाहिजे.

यात भर पडते ती हौसेची. वाढीव दिवे, दोन सुरांचे हॉर्न, मोबाइल चार्ज करण्याची सोय, चोरीपासून बचावाचा भोंगा, या प्रत्येकासाठी एक नवी तार बॅटरीपासून निघते, आणि ती निघते ती बहुधा सर्वांत जवळच्या वाटेने, म्हणजे इंजिनाला खेटून. मूळ जुडग्याला निदान कारखान्याची शिस्त असते. या उपऱ्या तारांना कोणतीच शिस्त नसते. जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, तिचा डिंक उष्णतेने पाघळतो, पट्टी उलगडते आणि जोड उघडा पडतो. शिवाय नव्या तारेला वेगळा फ्यूज लावण्याचा खर्च टाळला जातो. मूळ फ्यूज उडू लागला की त्याच्या जागी तांब्याची बारीक तार पिळून बसविण्याची कला तर आमच्याकडे इतकी परिचित आहे की तिला कोणी अपराध समजत नाही. फ्यूज हा जुडग्याचा पहारेकरी. त्याला बेदखल करून त्याच्या जागी आंधळा माणूस बसविल्यावर जी वायरिंग जळते ती सबंध जळते, हे मात्र आपल्याला अन्याय वाटते.

पूर्वी हे खपत होते, कारण तारा थोड्या होत्या. १९७२ साली अहमदनगरच्या कायनेटिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या लूनाला बॅटरीसुद्धा नव्हती, आणि तिच्या मोजक्या तारा शाळकरी मुलालाही ओळखता येत. पुढे स्वयंचलित स्टार्टर आला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळत ठेवण्याचा दंडक आला, म्हणजे त्या तारांतून दिवसाढवळ्याही वीज वाहू लागली. २०१९ मध्ये सव्वाशे सीसीवरील गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याच्या तारा थेट चाकापर्यंत पोहोचल्या. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानक आल्यावर बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या हुकमावर पेट्रोल सोडणारी व्यवस्था आली, जिला धुराचा अंदाज घेण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गातच ऑक्सिजन सेन्सर बसवावा लागतो. जेथे तार कदापि नेऊ नये असे आजवरचे मिस्त्री आपल्या शागिर्दाला सांगत आले, नेमक्या तेथेच तार नेणे आता भाग झाले आहे. त्या सेन्सरच्या तारेला कारखान्याकडून उष्णतारोधक वेष्टन मिळते. ती तुटल्यावर मधे वीतभर साधी वायर जोडून दिली तर गाडी त्या दिवशी चालू होते आणि पुढे पेट्रोल अधिक पिऊ लागते, इंजिन अडखळते, आणि दोष मात्र ‘नव्या गाड्यांत दम नाही’ या सदरात जमा होतो.

उपाय महाग नाही, आणि तो दूरही नाही. आमच्या जिल्ह्यात विहिरीवरच्या मोटारी जळण्याचे प्रमाण असे आहे की मोटार रिवाइंडिंगचे दुकान नाही असे बाजाराचे गाव विरळाच सापडेल. या दुकानांत काचतंतूंची, वॉर्निश दिलेली पोकळ स्लीव्ह असते. मोटारीच्या गुंडाळीतून बाहेर येणाऱ्या टोकांवर ती चढवितात. तिच्या प्रतीनुसार ती एकशे तीस, एकशे पंचावन्न किंवा एकशे ऐंशी अंशांपर्यंतची उष्णता सोसते. बेंडच्या किंवा हेडच्या जवळून ज्या तारेला जावेच लागते तिच्यावर ही स्लीव्ह चढविली, जोड डाखून त्यावर आवळून बसणारी नळी घातली आणि तार धातूच्या क्लिपेने सांगाड्याला पक्की केली, तर तिचे आयुष्य वाढते. जी विद्या आपण विहिरीवरच्या मोटारीसाठी रोज वापरतो, ती दारातल्या मोटारसायकलीसाठी वापरण्यास काय हरकत आहे? मात्र स्लीव्ह चढविली म्हणजे तार बेंडवर टेकविण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये. अंतर हाच पहिला बंदोबस्त, वेष्टन हा दुसरा. तसेच प्लॅस्टिकचा पट्टा इतकाही करकचून आवळू नये की हँडल वळताच तार त्याच्यात चिरडली जावी. परीक्षा सोपी आहे: गाडी मुख्य स्टँडवर लावून इंजिन सुरू ठेवावे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवावे, इंजिनाचा आवाज मधेच वाढला तर अ‍ॅक्सिलेटरची केबल चुकीच्या वाटेने गेली आहे असे निःशंक समजावे.

यावर असा आक्षेप येईल की हे सर्व कंपन्यांनी पाहावयाचे आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. कारखान्यातून निघालेल्या दोषाची जबाबदारी कारखान्यावरच आहे, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ११०-अ अन्वये सदोष वाहने परत बोलाविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार आता केंद्र सरकारला आहे. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलमधील दोषामुळे, ज्यातून क्वचित शॉर्ट सर्किटही संभवत होते, भारतासह सात देशांतील २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठी परत बोलाविल्या, हे उदाहरण सर्वांसमोर आहे. परंतु चौथ्या वर्षी, तिसऱ्या गॅरेजात, हरवलेल्या क्लिपेमुळे बेंडवर आलेल्या तारेचा जाब कोणत्या कंपनीला विचारणार? कंपन्यांकडून एक गोष्ट मात्र अवश्य मागावी. तार आणि केबल कोणत्या कडीतून, कोणत्या बाजूने न्यावयाची याचे नकाशे त्यांच्या दुरुस्तीच्या ग्रंथांत असतात. मालकाच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकेत ते सहसा नसतात, आणि आमचा मिस्त्री तो नकाशा न पाहताच आठवणीने काम करतो. १९८५ पासून वाळूजला, म्हणजे याच मराठवाड्यात, बजाजच्या दुचाकी तयार होत आहेत. तेथून सेनगावच्या गॅरेजपर्यंत एका पानाचा मराठी नकाशा पोहोचू नये, याला कोणतीही सबब पुरेशी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील परीक्षांतही इंजिन उघडून जोडण्याबरोबर तारांची मांडणी स्वतंत्र गुणांची बाब करावी, अशी माझी सूचना आहे.

सरकारी तपासणीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. पीयूसीचे प्रमाणपत्र धुरापुरते असते, आणि खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होत असल्याने तोवर ती तपासणीसाठी कचेरीसमोर रुजू होण्याचा प्रसंग सहसा येत नाही. गाडी जळाल्यावर पंचनामा होतो, कारणाच्या रकान्यात शॉर्ट सर्किट लिहिले जाते आणि प्रकरण मिटते. वेष्टन कशाने गेले, तार तेथे कोणी नेली, क्लिप कोठे गेली, हे कोणी विचारीत नाही, आणि विमा कंपनी ते विचारते तेव्हा तिला उत्तर देण्यास कोणी नसतो.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा कोठे घासला, कोठे सुजला, हे शेतकरी हाताने चाचपतो आणि त्यावर हळद-तूप चोळतो. या उपचारात श्रद्धा किती आणि पशुवैद्यक किती हे वेगळे काढता येणार नाही, पण जेथे घर्षण होते तेथे हात फिरविला जातो एवढे निश्चित. त्याच घरात बैलाची जागा मोटारसायकलीने घेतल्यावर तिच्या वाट्याला दसऱ्याचा झेंडूचा हार तेवढा आला, चाचपणारा हात आला नाही. हिंगोलीच्या दसऱ्याची कीर्ती मोठी आहे आणि त्या दिवशी वाहनपूजेवाचून एकही दार राहत नाही. या वर्षी हार घालण्यापूर्वी, इंजिन पूर्ण थंड असताना, वाचकांनी टाकीखाली आणि बेंडच्या बाजूने एकदा हात फिरवावा, कडक झालेली किंवा चकाकी आलेली तार सापडल्यास ती मिस्त्रीला दाखवावी, आणि ती जागेवर बसविण्यास त्याने जो अर्धा तास खर्च केला त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.